मुक्ताईचं अप्रेझल

'महिला कर्मचाऱ्यांसाठी नेतृत्व आणि प्रभावी संवादकौशल्य' अशा नावाच्या ज्या कार्यशाळा आपल्या कंपन्यांमधून भरतात, त्या सगळ्या बंद कराव्यात असं माझं मत आहे. सुधाराव्यात नाही, बंदच कराव्यात. मत टोकाचं आहे हे मला कळतं. पण आज शनिवार आहे, बिल्ड हिरवं आहे आणि सोमवारपर्यंत कुणाचा फोन येण्याची शक्यता कमी आहे. तेव्हा चहा घ्या, शेवटपर्यंत वाचा आणि मग हवं तर भांडा.

आधी मी कुठून बोलते ते सांगून टाकते, म्हणजे नंतर 'ही फार पर्सनल घेतेय' असं म्हणायला नको. मी पर्सनलच घेतेय. मूळ गाव त्र्यंबकेश्वर, शिक्षण इंजिनिअरिंग, गेली पाच-सहा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. मागच्या एका अप्रेझलमध्ये माझ्याबद्दल असं लिहून आलं: तांत्रिक काम उत्तम, पण संवादशैली काहीशी रुक्ष, सर्वांना सोबत घेऊन जाण्यावर काम करावे. उदाहरण विचारलं, तर एक मेल दाखवण्यात आली. मेल दोन ओळींची. 'या तारखेला रिलीज शक्य नाही. कारणं खाली दिली आहेत.' खाली तीन कारणं. बस्स, एवढंच. त्याच आठवड्यात, त्याच क्लायंटला, आमच्याच टीममधल्या एका मित्राने यापेक्षा कडक भाषेत 'हे होणार नाही' असं कळवलं होतं. त्याच्या अप्रेझलमध्ये शब्द आला 'ओनरशिप'. (मित्र चांगला आहे. त्याचा यात काही दोष नाही. त्यानेच मला हे दाखवलं.) रिलीज त्या तारखेला झालं नाही हे वेगळं सांगायला नकोच.

आता यात गंमत वाटेल, पण एका श्रेणीचा फरक म्हणजे बढती एक वर्ष पुढे आणि पगारवाढ तेवढी खाली. पुढची प्रत्येक वाढ त्या खालच्या आकड्यावर मोजली जाते. होमलोनचं चक्रवाढ व्याज ज्यांना कळतं त्यांना हे सांगायची गरज नाही. 'रुक्ष' या एका शब्दाची किंमत अशी वर्षानुवर्षं वसूल होत राहते.

बरं, उपाय म्हणून काय? तर कार्यशाळा. दिवसभराची. जेवणाआधी आम्हाला सांगण्यात आलं की बायका फार मऊ बोलतात. 'सॉरी' म्हणू नका, 'मला वाटतं' ने वाक्य सुरू करू नका, खुर्चीत अंग चोरून बसू नका, आवाज पोटातून काढा. जेवण झालं, गुलाबजाम झाला, आणि नंतरच्या सत्रात आम्हाला सांगण्यात आलं की बायका कधीकधी फार कडक वाटतात. तेव्हा हसतमुख राहा, टीकेच्या आधी आणि नंतर एकेक कौतुकाचं वाक्य घाला, ठाम राहा पण आक्रमक होऊ नका. ठाम आणि आक्रमक यांच्यातली रेघ नेमकी कुठे आहे, असं एका मुलीने विचारलं. उत्तर आलं, 'ते समोरच्याला कसं वाटतं त्यावर आहे.'

हेच तर! रेघ समोरच्याच्या मनात आहे, आणि ती ओलांडल्याचा दंड मात्र आपण भरायचा. म्हणजे ज्या टेस्ट केसचा अपेक्षित आउटपुट कुठेच लिहिलेला नाही ती पास करून दाखवायची. आणि आम्ही तिकडे पोटातून आवाज काढत होतो तेव्हा टीममधली मुलगे मंडळी एका डिझाइन रिव्ह्यूत बसली होती. आमचे आठ तास आवाज सुधारण्यात गेले, त्यांचे आठ तास काम शिकण्यात. यातून नेतृत्व कुणाचं विकसित झालं ते तुम्हीच ठरवा.

'अगं, हा तुझा एकटीचा अनुभव आहे' असं कुणीतरी म्हणणारच. म्हणून थोडे आकडे देते, आकड्यांशिवाय आपल्या जमातीला चैन पडत नाही. २०१४ साली अमेरिकेत कीरन स्नायडर यांनी २८ तंत्रज्ञान कंपन्यांमधली २४८ अप्रेझल्स गोळा करून वाचली. टीकात्मक शेरे पुरुषांच्या ५८.९ टक्के अप्रेझल्समध्ये होते आणि स्त्रियांच्या ८७.९ टक्क्यांमध्ये. ठीक आहे, क्षणभर धरून चालू की बायकांचं काम खरंच वाईट होतं. पण पुढचं बघा. पुरुषांवरची टीका कामाबद्दल होती: अमुक शिक, तमुक सुधार. स्त्रियांच्या टीकात्मक अप्रेझल्सपैकी बहुसंख्य अप्रेझल्समध्ये टीका स्वभावावर आणि बोलण्याच्या पद्धतीवर होती. ९४ पैकी ७१. पुरुषांच्या बाबतीत हाच आकडा ८३ पैकी २. सर्वेक्षण लहान आहे, स्वेच्छेने दिलेल्या अप्रेझल्सवर आहे, मान्य. पण ७१ आणि २ यांच्यातली दरी 'सॅम्पल लहान होतं' म्हणून बुजत नाही.

आणि हे काही नवीनही नाही. अ‍ॅन हॉपकिन्स नावाच्या बाई प्राइस वॉटरहाउस या अकाउंटिंग फर्ममध्ये होत्या. १९८२ साली भागीदारीसाठी ८८ नावं आली, त्यांत बाई एकट्या ह्याच. फर्मला अडीच कोटी डॉलरच्या आसपासचं सरकारी काम मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा. तरी भागीदारी लांबणीवर. सल्ला काय, तर जरा बायकी चाला, बायकी बोला, मेकअप करा, केस सेट करा, दागिने घाला. बाई कोर्टात गेल्या. १९८९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटलं त्याचा मथितार्थ असा: आक्रमकपणाशिवाय जमणार नाही असं काम द्यायचं आणि बाईने आक्रमकपणा दाखवला की तिला नाकारायचं, हा कचाटा आहे आणि कायद्याने असा कचाटा टाकता येत नाही. पुढे हॉपकिन्स भागीदार झाल्या. त्याला आता पस्तीसहून जास्त वर्षं झाली. आमच्या कार्यशाळेत दागिन्यांचा विषय निघाला नाही, एवढी प्रगती आहे म्हणायची.

आता अमेरिका राहू दे, आपल्या मायमराठीकडे या. शब्दकोश उघडून बसायचीही गरज नाही. बाई 'फणकाऱ्याने' बोलते, पुरुष 'ठणकावून' सांगतो. तिची 'कटकट', त्याचा 'पाठपुरावा'. ती 'कुरकुर' करते, तो 'मुद्दा लावून धरतो'. ती 'तोंडाळ', तो 'रोखठोक'. ती 'कजाग'. कजाग नवरा कधी ऐकलाय? शब्दच नाही. आणि फटकळपणाचं म्हणाल तर सदाशिव पेठेतल्या पुरुषाने फटकळपणा केला की त्याची पाटी होते, पाटीचा फोटो होतो आणि तो फोटो आपण सगळे कौतुकाने एकमेकांना पाठवतो. तेच वाक्य कॉन्फरन्स रूममध्ये बाईने म्हटलं की फीडबॅक फॉर्म निघतो. :)

तरी कडक बोलणाऱ्यांचं एक परवडलं. मऊ बोलणाऱ्या मुलींचं काय होतं तेही बघितलंय. आमच्याकडे एक मुलगी होती, शांत, सगळ्यांचं ऐकून घेणारी. कुणाचं भांडण झालं की दोघेही तिच्याकडे जायचे. टीम तिच्यामुळे चालायची असं आम्ही सगळेच म्हणायचो. लीड नेमायची वेळ आली तेव्हा मात्र 'ती फार गोड आहे, पण लीडरशिप मटेरियल नाही' असं ठरलं. म्हणजे कडक बोललं तर रुक्ष, मऊ बोललं तर मटेरियल नाही. काही बोललंच नाही तर 'मीटिंगमध्ये सहभाग वाढवावा'. तिन्ही दरवाजे बंद, आणि बाहेर पाटी: आमचे दरवाजे सर्वांसाठी खुले आहेत.

दरवाजावरून आठवलं. गावची गोष्ट सांगते.

एप्रिल २०१६. मी सीईटीचा अभ्यास करत होते आणि आमचं एवढंसं गाव रोज टीव्हीवर दिसत होतं. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ देत नाहीत म्हणून विद्या बाळ आणि निलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. १ एप्रिलला न्यायालयाने सरकारला बजावलं की १९५६ चा मंदिरप्रवेशाचा कायदा आहे तो पाळा, मंदिरात जाणं हा स्त्रियांचा मूलभूत हक्क आहे. आता प्रश्न आमच्या त्र्यंबकराजाच्या गाभाऱ्याचा आला. पुरुष सोवळ्यात ठराविक वेळेला आत जात, बायकांना बाहेरूनच दर्शन. देवस्थानाने काय केलं? बायकांना आत घेतलं? छे! पुरुषांनाही आत जायला बंदी केली. झाली समानता. मग टीका झाली, आंदोलनं झाली, तेव्हा नियम आला की बायकांनी जावं, पण सकाळी एकच तास, आणि ओल्या सुती किंवा रेशमी वस्त्रात. त्यावरून धक्काबुक्की झाली, गुन्हे दाखल झाले, आणि एप्रिल संपायच्या आत काही बायका पोलीस बंदोबस्तात, ती ओल्या कपड्यांची अट पाळून आत जाऊन आल्या.

श्रद्धेच्या वादात मला इथे शिरायचं नाही. आमच्या घरातच त्यावर दोन मतं होती आणि अजून आहेत. मला फक्त तो नियम कसा तयार झाला ते दाखवायचंय, कारण त्यानंतर मी तोच नियम काचेच्या इमारतींमध्ये कितीतरी वेळा पाहिलाय. आधी दार बंद. कायदा आला की 'मग कुणालाच नको'. तेही टिकलं नाही की 'या ना, पण एका तासात, आणि आम्ही सांगू त्या वस्त्रात'. प्रवेश नाकारला असं कुणी म्हणू शकत नाही. पण आत जायची अट अशी ठेवायची की शंभरातल्या नव्वद जणींनी स्वतःहूनच 'राहू दे बाई' म्हणावं. 'तू लीड हो, पण आवाज असा ठेव, हसू एवढं ठेव, मेलच्या सुरुवातीला ख्यालीखुशाली विचार' हे कॉर्पोरेट ओलं वस्त्रच आहे. कुडकुडायचं तुम्ही, आणि वर आभारही मानायचे.

यावर ठरलेलं उत्तर असतं: 'आमच्याकडे तर वर बाईच आहेत.' असतीलही. कंपनी कायदा २०१३ मध्ये आला आणि शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री बंधनकारक झाली. सेबीने मुदत वाढवून १ एप्रिल २०१५ केली. ती तारीख जवळ आली तसं कितीतरी उद्योगसमूहांना एकदम साक्षात्कार झाला की मालकांच्या पत्नी, मुली आणि सुना यांच्यात संचालकपदाचे गुण आहेत! शेवटी मोठ्या कंपन्यांसाठी नियमच करावा लागला की बाई स्वतंत्र संचालक हवी: २०१९ पासून पहिल्या ५०० कंपन्यांना, २०२० पासून पहिल्या १००० ना. गावाकडे हाच खेळ आपण 'सरपंचपती' या शब्दाने ओळखतो. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि तरी कित्येक ठिकाणी खुर्चीवर वहिनी आणि शिक्क्यावर दादा. आणि हो, शनिशिंगणापूरच्या देवस्थानाच्या अध्यक्षपदी जानेवारी २०१६ मध्येच पहिल्यांदा एक स्त्री, अनिता शेटे, निवडून आल्या होत्या. चौथऱ्याचा नियम त्यामुळे बदलला नाही. तो बदलला एप्रिलमध्ये, न्यायालयाच्या आदेशानंतर. एक बाई खुर्चीवर बसवली की नियम आपोआप बदलतात असं मानणं हा भाबडेपणा आहे. खुर्ची देताना 'नियमांना हात लावायचा नाही' ही अट बहुतेक वेळा सोबतच येते.

आता माझ्या आवडत्या मुद्द्याकडे येते.

त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी आहे. पौष वद्य एकादशीला यात्रा भरते, राज्यभरातून दिंड्या येतात, थंडीने हातपाय गारठतात आणि तरी रात्रभर टाळ थांबत नाही. निवृत्तिनाथांची धाकटी बहीण मुक्ताई. तिच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. त्या आज एकदा मॅनेजरच्या नजरेने वाचून बघा.

चांगदेव नावाचे योगी. कथा म्हणते, वय चौदाशे वर्षं. ज्ञानेश्वरांना पत्र पाठवायचं, पण मायना काय लिहायचा ते सुचेना: वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की अधिकाराने मोठा म्हणून नमस्कार? शेवटी कोराच कागद पाठवला. तो बघून चिमुरडी मुक्ताई काय म्हणाली? चौदाशे वर्षं तप करूनही हा कोराच राहिला! हा झाला सीनियर मोस्ट रिसोर्सला दिलेला फीडबॅक. सँडविच नाही, आधी कौतुक नाही, काही नाही. पुढे चांगदेवांनी तिलाच गुरू केलं.

दुसरी गोष्ट गोरोबाकाकांच्या घरची. सगळी संतमंडळी जमलेली. मुक्ताई म्हणते, काका, थापटण्याने ही मडकी तपासून बघा, पक्कं कोण आणि कच्चं कोण. नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. नामदेव, ज्यांच्याशी विठ्ठल बोलतो असं सगळे म्हणत, ते भर सभेत कच्चे ठरले. नामदेव रागावले, रडले, विठ्ठलाकडे तक्रार घेऊन गेले (आपल्या भाषेत एस्कलेशन). पण विठ्ठलानेही मुक्ताईच्या टोनबद्दल काही म्हटलं नाही! गुरू कर असं सांगितलं, आणि नामदेव विसोबा खेचरांकडे गेले. फीडबॅक खरा होता, उपयोगी पडला, विषय संपला.

आणि तिसरी गोष्ट ताटीची. लोकांच्या निंदेने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीचं दार लावून आत बसलेत, आणि ही धाकटी बहीण बाहेर उभी राहून त्यांना दार उघडायला सांगते आहे. इथे तिचा आवाज किती मऊ आहे! वारकरी मंडळींच्या डोळ्यांत आजही ते अभंग ऐकताना पाणी येतं.

म्हणजे बघा, एकच मुलगी. चांगदेवांशी खोचक, नामदेवांशी परखड, दादाशी आईसारखी. काम जसं, माणूस जसा, तशी भाषा. याला म्हणतात संवादकौशल्य. तिला कुणी एक ठरलेली 'शैली' शिकवली नव्हती, आणि आपणही सातशे वर्षं तिला 'आदिशक्ती' म्हणत आलो आहोत, 'रुक्ष' नाही. पण तेच आपले भाविक साहेब यात्रेहून परततात, सोमवारी लॅपटॉप उघडतात आणि टीममधल्या मुलीबद्दल लिहितात: 'ज्येष्ठांशी बोलताना सौम्यता असावी'. मुक्ताईचं अप्रेझल आज झालं असतं तर तिला खात्रीने कार्यशाळेला पाठवलं असतं.

संतांचं सोडा म्हणाल, ते सोप्पं आहे. जिवंत उदाहरण देते. माझ्या नोकरीची पहिली काही महिने मी लॉकडाऊनमुळे त्र्यंबकहूनच काम केलं. पुढे हळूहळू यजमान यायला लागले तेव्हा आमच्या गल्लीतल्या एक काकू मी रोज बघत होते. आमच्याकडे नारायण नागबळी तीन दिवस चालतो. देशभरातून कुटुंबं येतात, त्यांची राहण्याजेवणाची सोय बहुतेक वेळा गुरुजींच्या घरीच. पूजा गुरुजी सांगतात. बाकी सगळं, म्हणजे कुणाची खोली कुठली, किती पानं, कांदालसणाशिवाय स्वयंपाक, नवं धोतर कुणी विसरलंय, भाजीवाल्याचं बिल, मदतनीस बायकांचे पगार, हे काकू बघतात. एका यजमानांना तिसऱ्या दिवशी सकाळचं विमान पकडायचं होतं. काकू त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, 'पूजा तीन दिन का है. विमान बाद का देखो.' यजमानांनी तिकीट बदललं. जाताना पाया पडून गेले. काकूंनी ना 'सॉरी' म्हटलं, ना पोटातून आवाज काढला.

कुठल्याही बिझनेस स्कूलच्या भाषेत ही बाई ऑपरेशन्स हेड आहे. पण दारावरच्या पाटीवर गुरुजींचं नाव आहे, त्यांच्या वडिलांचं आहे, आजोबांचंही आहे. काकूंचं नाव नाही. पाटीवरचा मोबाईल नंबर मात्र काकूंचा आहे. बायकांना नेतृत्व शिकवायला निघालेल्यांनी आधी ही पाटी वाचावी. प्रश्न कौशल्याचा नाही, नोंदीचा आहे.

असाच प्रश्न एकदा रिझर्व्ह बँकेसमोर आला होता. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला, माणदेशाच्या दुष्काळी पट्ट्यात, चेतना सिन्हा यांनी बायकांसाठी बँक काढायचं ठरवलं. रोजच्या कमाईतून थोडे पैसे मागे टाकायचे होते आणि एवढ्या छोट्या रकमेचं खातं उघडायला कुठलीच बँक तयार नव्हती. रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला. कारण, प्रवर्तक बायका निरक्षर, अर्जावर अंगठे. त्या बायकांनी काय केलं? साक्षरतेचे वर्ग सुरू केले, आणि पुन्हा मुंबईला जाऊन अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. आमच्या गावात शाळा नव्हती म्हणून वाचता येत नव्हतं, पण हिशेब येतो. तुम्ही मुद्दल सांगा, आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय व्याज सांगतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आणि २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सात सहअध्यक्षांमध्ये चेतना सिन्हा होत्या. बोलायचं कसं हे त्या बायकांना कुणीही शिकवलं नव्हतं. ऐकायला कुणीतरी बसावं लागलं, एवढंच.

पुण्यातलं उदाहरण तर सगळ्यांना पाठ आहे. १९७४ साली टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत लिहिलं होतं की स्त्रियांनी अर्ज करू नये. सुधा कुलकर्णी (पुढच्या सुधा मूर्ती) यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं. मुलाखत झाली, नोकरी मिळाली. आज ही गोष्ट प्रत्येक महिला दिनाला सांगतात, टाळ्या वाजतात. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकीच कुणाच्या टीममधल्या मुलीने उद्या थेट वरच्या वरच्या साहेबाला मेल टाकली तर? 'योग्य मार्गाने मुद्दा मांडण्यावर काम करावे.'

आता आक्षेप. एकेक घेते.

'पण संवादकौशल्य महत्त्वाचं असतंच ना?' असतंच! मग सगळ्यांना शिकवा. आमच्याकडे असे वीर आहेत जे स्टँडअपमध्ये वीस मिनिटं बोलतात आणि शेवटी काम झालं की नाही ते कळत नाही. त्यांना कुणी कार्यशाळेला पाठवल्याचं ऐकिवात नाही.

'काही बायका खरंच उद्धट असतात.' असतात की. पुरुषही असतात. मग काय बोलली, कुणाला बोलली आणि त्याने कामाचं काय नुकसान झालं ते लिहा. 'रुक्ष वाटते' हा बग रिपोर्ट नाही. स्टेप्स टू रिप्रोड्यूस नसतील तर आपण तिकीट बंद करतो ना?

'पण बायका जात्याच समजूतदार, त्यांच्या नेतृत्वात मायेचा ओलावा असतो.' हा आक्षेप नाही, कौतुक आहे, आणि म्हणूनच जास्त धोकादायक आहे. ८ मार्चला गुलाब देऊन जे सांगतात तेच एप्रिलमध्ये अपेक्षा बनून येतं. ज्येष्ठ सहकाऱ्याच्या वाढदिवसाचा केक कोण आणणार? नवीन मुलाला रडू आलं तर कोण बघणार? मीटिंगच्या नोंदी कोण लिहिणार? ओलावा! आणि या कामाला रेटिंगमध्ये रकाना नाही.

नुसतं ओरडून उपयोग नाही, म्हणून चार गोष्टी सुचवते. एकही खर्चिक नाही.

१. अप्रेझलमध्ये स्वभावाबद्दल शेरा लिहिलात तर सोबत प्रसंग, तारीख आणि परिणाम लिहा. नसेल लिहिता येत तर शेरा खोडा.

२. पाठवण्याआधी मुलीच्या नावाच्या जागी मुलाचं नाव टाकून तो मजकूर एकदा मोठ्याने वाचा. हसू आलं तर पुन्हा लिहा.

३. मीटिंगच्या नोंदी पाळीपाळीने. नावांची यादी करा आणि भिंतीवर लावा.

४. कुणी मध्येच तोडलं तर मीटिंग चालवणाऱ्याने 'थांब, तिचं होऊ दे' म्हणायचं. तिने स्वतः म्हटलं की तो आक्रमकपणा होतो, हे आपण वर पाहिलंच.

आणि कार्यशाळेचे वाचलेले पैसे? त्यातून मुलींना त्या डिझाइन रिव्ह्यूत बसवा.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांपैकी बरेचजण माझ्याच वयाचे आहेत. आजवर आपण अप्रेझल घेणाऱ्या बाजूला होतो. आता आपल्यातले काहीजण लीड झालेत, होणार आहेत, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाबद्दल ते चार रकाने भरणार आहेत. मागच्या पिढीला दोष देऊन आपलं भागणार नाही, कारण फॉर्म आता आपल्या स्क्रीनवर आहे. तिथे 'संवादशैली' नावाचा रकाना येईल, समोर एखाद्या मुलीचं नाव असेल आणि बोटं सवयीने 'थोडी सौम्यता...' टाइप करायला लागतील.

तेव्हा थांबा, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं का, एवढंच आधी तपासा.